पोलिसांनी हात दाखवला, आता काय करायचं? साताऱ्यात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

जून-जुलै आला की साताऱ्यात नवे चेहरे दिसायला लागतात. माण-खटावातून, पाटण-जावळीतून कॉलेजला आलेली मुलं-मुली, एमआयडीसीत नव्याने लागलेले कामगार, बदली होऊन आलेली कुटुंबं. महिन्याभरात कुणाची तरी गाडी हातात येते आणि पोवई नाक्यावर, नाहीतर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात पहिल्यांदा पोलिसाचा हात आडवा येतो. त्या क्षणी काय करायचं हे ना शाळेत शिकवतात, ना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.

मी इथे वकिली करते. साध्या चलानावरून सुरू होऊन कोर्टापर्यंत आलेली प्रकरणं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रकरण बिघडतं ते रस्त्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत. मूळ चूक काही शे रुपयांची असते आणि शेवटी गुन्हा लागतो सरकारी कामात अडथळा आणल्याचा. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं ३५३, हे अजामीनपात्र आहे. आपल्या जिल्ह्यात घराघरात एक तरी पोर लष्कराच्या नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीत असतं. चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा निघाला की त्या पोराची कित्येक वर्षांची पळापळ पणाला लागते. म्हणून हा लेख. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर रस्त्यावर सहकार्य करा, भांडण असेल ते कागदावर करा. खाली सगळं त्याच हिशोबाने सांगितलं आहे.

१. गाडी काढण्याआधी

चार कागद लागतात: लायसन, आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र), इन्शुरन्स आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र). टेम्पो, रिक्षा, टॅक्सी असेल तर फिटनेस आणि परमिटही. हे कागद मूळ प्रतीतच दाखवले पाहिजेत असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे डिजिटल कागद चालतात. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधलं लायसन आणि आरसी पोलिसांनी मान्य करायची असते.

यात एक बारकावा आहे आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात. गॅलरीतला लायसनचा फोटो म्हणजे डिजिटल लायसन नव्हे. व्हॉट्सॲपवर भावाने पाठवलेली आरसीची झेरॉक्सही नव्हे. डिजीलॉकरमध्येसुद्धा तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद वेगळा आणि परिवहन विभागाच्या नोंदीतून थेट आलेला कागद वेगळा. चालतो तो दुसरा. घरी बसून एकदा लायसन नंबर आणि गाडी नंबर टाकून ते कागद घ्या, उघडून बघा, नाव आणि जन्मतारीख जुळते का तपासा. यवतेश्वरच्या घाटात रेंज गेल्यावर अ‍ॅप गोल गोल फिरत बसतं, म्हणून ते आधीच उघडून मोबाईलवर उतरवून ठेवा. माझं विचाराल तर लायसनचं कार्ड तरी पाकिटात असूच द्या. मोबाईलची बॅटरी संपते, कार्डाची संपत नाही.

इन्शुरन्सबद्दल गैरसमज फार आहेत. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, एकदमच काढावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की ‘विमा संपला’ असं समजून पोरं घाबरतात. कायद्याला लागतो तो थर्ड पार्टी. पॉलिसीवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या वाचा. थर्ड पार्टीही संपला असेल तर गाडी बाहेर काढू नका. पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद असं मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ सांगतं (पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की ते याच कायद्याचं). पण दंडाहून मोठी भीती अपघाताची आहे. विमा नसताना कुणाला लागलं तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते.

पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. त्यानंतर बीएस ४ (प्रदूषणाचं मानक, आरसीवर लिहिलेलं असतं) आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची, जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची मिळते.

लर्निंग लायसनवाल्यांनो, तुमचं लायसन एकट्याने गाडी फिरवण्याचं नाही. पुढे-मागे लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवा. दुचाकीवर शिकताना शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी मागे बसवता येत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलाच्या हातात बुलेट देणाऱ्या आई-वडिलांनी कलम १९९-अ जरूर वाचावं. पंचवीस हजार रुपये दंड, पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

सांगली-मिरजेकडे केए, म्हणजे कर्नाटक पासिंगच्या गाड्या भरपूर. परराज्यातलं लायसन भारतभर चालतं, त्याची काळजी नको. गाडी मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर तिला नवा नंबर घ्यावा लागतो. मिरजेत नोकरीला आलेल्या बेळगावच्या माणसाला ‘ही गाडी इथे किती दिवस आहे?’ असं विचारलं जातं ते याचसाठी. नुकतेच आला असाल तर भाडेकरार, नेमणूक पत्र असं काहीतरी तारखेचं जवळ ठेवा. एमएच १०, एमएच ११, एमएच ५० म्हणजे सांगली, सातारा, कराड. यातली गाडी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात नेली तर नंबर बदलावा लागत नाही, पण कायमचा पत्ता बदलला तर तो आरसीवर बदलून घ्या. नाहीतर चलानाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही.

२. हात दाखवला की थांबा

इंडिकेटर द्या, आरशात बघा, डाव्या कडेला घ्या. एकदम ब्रेक मारू नका. महामार्गावर असाल तर पांढऱ्या पट्टीच्या बाहेर पूर्ण उतरा. हिवाळ्यात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो, आणि पट्टीवर उभ्या असलेल्या दुचाकीला मागून कुणी ठोकलं तर कागदपत्रांचा काही उपयोग नाही.

इंजिन बंद करा. दुचाकीवर असाल तर हेल्मेट काढा, चेहरा दिसू द्या. कारमध्ये असाल तर काच पूर्ण खाली, रात्री आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर. डिकीत किंवा खणात हात घालण्याआधी ‘साहेब, कागद इथे आहेत, काढतो’ असं सांगा. समोरचा माणूसही रात्रभर उभा असतो, अनोळखी गाड्या थांबवत असतो. त्याच्या मनातली धास्ती कमी करणं तुमच्याच फायद्याचं आहे.

नाकाबंदी दिसली म्हणून गाडी वळवून पळू नका. हेल्मेट नसल्याचा दंड चुकवायला पोरं उलट्या दिशेने गाडी घालतात आणि समोरून एसटी येते. शिवाय पोलिसांचा आदेश मोडल्याचं कलम १७९ वेगळं लागतं, त्याला दोन हजारांपर्यंत दंड आहे. थांबला असतात तर एकच चलान झालं असतं.

३. समोर कोण आहे ते बघा

लायसन मागण्याचा अधिकार गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाला आहे. कलम १३० तसं स्पष्ट म्हणतं, त्यामुळे ‘तुम्ही फक्त हवालदार आहात, मी दाखवणार नाही’ हा वाद कामाचा नाही. छातीवर नावाची पट्टी असते. नाव आणि बक्कल नंबर मनात टिपून ठेवा. पट्टी दिसत नसेल तर ‘साहेब, आपलं नाव काय?’ असं साध्या आवाजात विचारता येतं.

आरटीओचं वायुवेग पथकही रस्त्यावर असतं. ते मोटार वाहन निरीक्षक असतात, त्यांनाही गाडी थांबवून कागद तपासण्याचा अधिकार आहे. होमगार्ड आणि वॉर्डन वाहतूक सुरळीत ठेवायला मदत करतात, त्यांनी थांबायला सांगितलं तर थांबा. कागद मात्र तिथे हजर असलेल्या पोलिसाला दाखवा. साध्या कपड्यांतला कुणी लायसन मागत असेल तर नम्रपणे ओळखपत्र मागा. शंका आली आणि जागा निर्जन असेल तर ११२ लावा आणि काय चाललंय ते सांगा.

४. बोलायचं कसं

खाली जे देते आहे ते मी माझ्या भाच्यांना पाठ करून घेतलं आहे.

‘नमस्कार साहेब. काय झालं?’

‘सिग्नल तोडला तुम्ही.’

‘हे लायसन, हे आरसी. विमा आणि पीयूसी मोबाईलवर आहे, दाखवतो.’

एवढंच. ‘माझे काका अमुक खात्यात आहेत’ नको. ‘बाकीच्यांना का नाही धरलं?’ नको. ‘तुम्हाला माहितीय का मी कोण?’ तर अजिबात नको. चूक झाली असेल तर मान्य करा, बऱ्याच वेळा समज देऊन सोडतात. चूक झाली नाही असं तुमचं ठाम मत असेल तर एकदाच, शांतपणे सांगा: ‘साहेब, माझ्या मते सिग्नल पिवळा होता. आपण चलान करत असाल तर करा, मी त्यावर रीतसर दाद मागेन.’ या वाक्यात उर्मटपणा नाही आणि शरणागतीही नाही.

बाई अधिकारी असतील तर ‘मॅडम’. अरे-तुरे कुणीच कुणाला करायचं नाही. तुम्हाला कुणी केलं तरी उत्तर ‘तुम्ही’नेच द्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुमचं वागणं स्वच्छ असणं हाच मोठा पुरावा ठरतो.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करता येतं का? सार्वजनिक रस्त्यावर चाललेल्या कामाचं चित्रीकरण करायला बंदी घालणारा कायदा नाही. पण मोबाईल त्यांच्या तोंडापुढे नाचवू नका, कामात आड येऊ नका आणि तो व्हिडिओ चटपटीत मथळा देऊन लगेच गावभर फिरवू नका. पुरावा म्हणून जपून ठेवा. संवाद ठीक चालला असेल तर रेकॉर्डिंगची गरजच नसते. मी ते शेवटचं साधन मानते.

गाडीची चावी काढून घेण्याबद्दल नेहमी विचारतात. मोटार वाहन कायद्यात चावी हिसकावण्याचा अधिकार देणारं कलम नाही. पण चावीवरून झटापट करू नका. इंजिन तुम्हीच बंद करून चावी स्वतःच्या हातात ठेवली असेल तर हा प्रसंग सहसा येतच नाही.

५. चलान म्हणजे नेमकं काय

हा भाग सगळ्यात नीट वाचा.

पोलिसांच्या हातातलं ई-चलान मशीन मोबाईलसारखंच असतं. ते आधी गाडीचा फोटो काढतात, नंबर टाकतात, मालकाचं नाव आणि गाडीची माहिती पडद्यावर येते. मग गुन्हा निवडला की त्यासमोर कलम आणि रक्कम दिसते. ‘साहेब, कुठलं कलम लावलंय ते दाखवाल का?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि बहुतेक जण पडदा फिरवून दाखवतात. तारीख, वेळ, ठिकाण बघा. गाडीचा नंबर तुमचाच आहे ना बघा. एमएच ११ चं एमएच १० झालेलं चलान भलत्याच माणसाच्या घरी जातं.

आता त्या रकमेबद्दल. रस्त्यावर जे भरता त्याला कायद्यात तडजोड शुल्क म्हणतात, कलम २०० मध्ये ते येतं. म्हणजे तुम्ही गुन्हा मान्य करून ठरलेली रक्कम भरता आणि प्रकरण तिथेच मिटतं. तडजोड दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने असते. ती मान्य नसेल तर तुम्ही कोर्टात जाऊ शकता. ‘भरायलाच लागतील, नाहीतर गाडी सुटणार नाही’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, ‘मला तडजोड मान्य नाही, मला कोर्टात म्हणणं मांडायचं आहे, चलान माझ्या नावे करा.’ चलान तयार होईल, मेसेज येईल, आणि पुढचं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ठरेल. मशीनमध्ये दिसणाऱ्या जुन्या, थकलेल्या चलानांनाही हेच लागू. ती कुठली आहेत ते आधी बघून घ्या. मान्य असलेली भरा, मान्य नसलेल्यांवर तक्रार नोंदवा.

पण खरंच चूक केली असेल तर उगाच कोर्टाची पायरी चढू नका. दंड भरा, पावती घ्या, पुढे निघा. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हेच सांगते आणि त्यात माझी फी बुडते याचं मला वाईट वाटत नाही.

पैसे भरताना ते मशीनमधूनच, कार्डाने किंवा मशीनच्या क्यूआरवर भरायचे. कुणाच्या खासगी नंबरवर फोनपे करायचं नाही. पैसे दिले की पावती हवीच, मग ती कागदाची असो की मेसेजची.

कागद जवळ नसतील तर काय? नियम १३९ प्रमाणे मागितलेले कागद पंधरा दिवसांत सादर करायची सोय आहे. ‘घरी आहे साहेब, आणून दाखवतो’ असं म्हणून कुठल्या कार्यालयात आणायचं ते विचारून घ्या आणि खरोखरच नेऊन दाखवा. लायसन मुळात काढलंच नसेल तर मात्र ही सवलत उपयोगाची नाही. विनालायसन गाडी चालवण्याचा दंड पाच हजार आहे.

६. लायसन किंवा गाडी ताब्यात घेतली तर

लायसन घेतलं तर पावती मागा. कलम २०६ प्रमाणे पोलिसांना ठराविक कारणांसाठी लायसन ताब्यात घेता येतं: कागद खोटा असल्याचा संशय, माणूस पसार होईल अशी शंका, किंवा अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं अशा गुन्ह्यांत निलंबनासाठी आरटीओकडे पाठवायचं असेल तर. हेल्मेट आणि ट्रिपल सीटला तीन महिने लायसन अपात्र होऊ शकतं, हे कासला पठार बघायला तिघं-तिघं बसून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं.

त्या पावतीला फार किंमत आहे. लायसन परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत ती पावतीच तुमचं लायसन असते. पावती नसेल तर पुढच्या चौकात तुम्ही विनालायसन ठरता. त्यामुळे पावती घेतल्याशिवाय जागा सोडू नका. ‘उद्या चौकीत येऊन घेऊन जा’ यावर समाधान मानू नका.

गाडी अडकवून ठेवण्याची मुख्य कारणं कलम २०७ मध्ये आहेत. लायसन नसणं, वय कमी असणं, गाडीची नोंदणी नसणं, परमिटचा भंग. गाडी नेली तर कुठे नेली, कुणी नेली आणि का, हे लिहून घ्या. आत काय सामान आहे त्याचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो काढा. किलोमीटरचा आकडाही टिपा. मग कागद घेऊन जा, ते तपासून गाडी सोडायची तरतूद त्याच कलमात आहे.

मित्राची गाडी असेल तर मित्राला लगेच फोन करा. चलान मालकाच्या नावावर जातं. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर ते सांगायची जबाबदारी कलम १३३ प्रमाणे मालकावर असते. ‘दोस्ताला कळू नये’ म्हणून गप्प बसलात तर त्याला महिन्यांनी मेसेज येतो आणि दोस्ती जाते.

७. दारूची तपासणी

शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. ‘एकच बिअर’ कुणाला त्या मर्यादेत ठेवते आणि कुणाला नाही, हे वजनावर, खाण्यावर, वेळेवर ठरतं. तेव्हा हा हिशोब करायच्या फंदात पडू नका, प्यायलात तर गाडी चालवू नका.

यंत्रात फुंकायला सांगितलं तर नळी नवीन आहे का विचारा, स्वच्छ नळी मागणं हा तुमचा हक्क आहे. मग फुंका. विनाकारण नकार दिला तर तो नकारच तुमच्या विरोधात वापरता येतो. आकडा किती आला ते दाखवायला सांगा. आकडा पटत नसेल तर रक्ततपासणीची मागणी करा. या गुन्ह्यात अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे प्रकरण रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं.

गोव्याहून येताना बाटल्या आणणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथली दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे. कोल्हापूर ओलांडलं म्हणून सुटलो असं समजू नका, राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकं वेगळी असतात.

८. डिकी, मोबाईल आणि अटक

लायसन तपासण्याच्या अधिकारात डिकी झडतीचा अधिकार आपोआप येत नाही. पण नाकाबंदी निवडणुकीची, शस्त्रांची, दारूची असू शकते आणि तिथे दुसरे कायदे लागू होतात. म्हणून विरोध करू नका, कारण विचारा, डिकी स्वतः उघडा आणि शेजारी उभे राहा. काही जप्त केलं तर त्याची यादी मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण व्हायला हवं. महिलेची अंगझडती महिलाच घेऊ शकते. वाहतूक तपासणीत तुमच्या मोबाईलमधले मेसेज उघडून दाखवण्याचं काही कारण नसतं. अ‍ॅपमधला कागद दाखवताना मोबाईल स्वतःच्या हातात धरून दाखवा.

अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, तुम्ही सांगाल त्या नातेवाईकाला किंवा मित्राला कळवावं लागतं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागा, हेल्पलाईन १५१००. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी ही मदत मिळते, हे फार बायकांना ठाऊक नाही.

९. ‘मिटवून टाकू’ असं कुणी म्हणालं तर

‘पावती हजाराची, पाचशेत मिटवू’ हे वाक्य ऐकलं की बहुतेकांचा हात खिशात जातो. तो जाऊ देऊ नका. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दबावाखाली द्यावीच लागली तर सात दिवसांत कळवलं तर संरक्षण मिळतं. ‘साहेब, पावतीच करा’ एवढं म्हणा. चांगला माणूस असेल तर पावती करेल, तसे पुष्कळ आहेत. मे महिन्यात डांबरावर आठ-आठ तास उभी राहणारी ही माणसं आहेत आणि एकाच्या वागण्यावरून सगळ्यांना त्याच रांगेत बसवणं मला पटत नाही. मागणी झालीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

सुरुवात तुम्हीही करू नका. ‘काहीतरी बघा की साहेब’ हे आपल्या तोंडून सवयीने निघतं आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

१०. मोबाईलवर आलेलं चलान

कॅमेऱ्याने किंवा मशीनने काढलेल्या फोटोवरून झालेलं चलान मेसेजने येतं. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असं नियम १६७-अ सांगतो. महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की फोटोसकट चलान दिसतं. फोटोत गाडी तुमची नसेल, नंबर चुकला असेल, तर तिथेच तक्रार नोंदवता येते. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान टाकू नये, असे आदेशही राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने काढलेले आहेत.

चलान पडून राहिलं की ते कोर्टाकडे जातं. राष्ट्रीय लोकअदालतीत थकलेली चलानं तडजोडीने मिटवता येतात, तिची तारीख जवळ आली की नोटीस मेसेजवर येते. ती दुर्लक्षित करू नका.

एक धोका मात्र खरा आहे. ‘आपले चलान थकले आहे, पाहण्यासाठी फाईल उघडा’ असा व्हॉट्सॲप मेसेज येतो, खाली एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, असते. ती उघडली की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. सरकार चलान कधीही एपीके फाईलने पाठवत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० ला फोन करा, पहिल्या तासात कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा, कारण गाडी त्यांच्या नावावर असते आणि मेसेज त्यांनाच येतो.

११. अन्याय झाला असं वाटलं तर

त्याच दिवशी लिहून काढा. ठिकाण अगदी नेमकं हवं: ‘पोवई नाका’ एवढं पुरत नाही, कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दुकानासमोर ते लिहा. वेळ, अधिकाऱ्याचं नाव किंवा बक्कल नंबर, चलान क्रमांक, कोण काय बोललं, सोबत कोण होतं. विशेषणं टाळा. ‘अत्यंत उद्धट वागणूक’ यापेक्षा प्रत्यक्ष उच्चारलेलं वाक्य जास्त काम करतं. अर्ज आधी शहर वाहतूक शाखेच्या निरीक्षकांच्या नावे, तिथे दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांच्या नावे द्या. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. चौकात सीसीटीव्ही असेल तर त्या वेळेचं चित्रण जपून ठेवावं अशी मागणी त्याच अर्जात करा, कारण जुनं चित्रण ठराविक दिवसांनी पुसलं जातं.

नियम पोलिसांनाही आहेत. ज्यांच्यावर कायदा राबवण्याची जबाबदारी आहे त्यांनीच मोटार वाहन कायदा मोडला तर दंड दुप्पट, असं कलम २१०-ब म्हणतं. विनाहेल्मेट पोलीस दिसला तर त्याच्याशी चौकात हुज्जत घालायची नाही. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा टिपायची आणि वर सांगितलेल्या अर्जात लिहायची.